कोणाविरुद्ध?

२० नोव्हेंबर २०१२, मंगळवारची रात्र. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या ग्रिनेल गावात, त्याच नावाच्या छोट्या कॉलेजात बास्केटबॉलचा सामना चालू होता. हंगाम नुकताच उघडलेला. थँक्सगिव्हिंगची सुटी दोन दिवसांवर. जॅक टेलर नावाचा दुसऱ्या वर्षाचा गार्ड त्या रात्री ३६ मिनिटं मैदानात होता. तेवढ्यात त्याने १०८ वेळा चेंडू बास्केटकडे टाकला, म्हणजे दर वीस सेकंदांना एक फेक. ५२ फेकी आत गेल्या. त्यांतल्या २७ तीन गुणांच्या रेषेबाहेरून. तिथून त्याने एकूण ७१ वेळा नेम धरला होता. सात फ्री थ्रो. मध्यंतरापर्यंत ५८ गुण, मध्यंतरानंतर ८०. एकूण १३८.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये विल्ट चेंबरलेनने १९६२ साली एका सामन्यात १०० गुण केले. कोबी ब्रायंटचे २००६ मधले ८१ गुण आजही लोक तोंडपाठ सांगतात. त्या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी पुढे एक कॉलेजकुमार गेला होता. सकाळ होईपर्यंत ग्रिनेलचं नाव देशभर झालं. पण छोट्या कॉलेजांचा बास्केटबॉल वर्षानुवर्षं पाहणाऱ्या माणसांनी आकडा ऐकल्याबरोबर एकच प्रश्न विचारला: कोणाविरुद्ध?

समोर फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज होतं. धर्मशिक्षण देणारी ही छोटी संस्था आयोवातलीच. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची ती सभासदही नव्हती. ग्रिनेल १७९–१०४ असं जिंकलं.

हा प्रश्न कुजकट नाही. मला तर तो या खेळातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटतो, आणि तो जुना आहे. टेलरने मोडलेला एनसीएएचा विक्रम बेवो फ्रान्सिसचा होता. ओहायोतल्या रिओ ग्रांडे कॉलेजात तो शिकायचा. तिथे त्या वेळी शंभर विद्यार्थीही नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये त्याने एका सामन्यात ११६ गुण केले. पण प्रतिस्पर्धी दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेलं ज्युनियर कॉलेज होतं, म्हणून तो विक्रम नंतर पुस्तकातून काढून टाकण्यात आला. पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी १९५४ ला, फ्रान्सिसने हिल्सडेल या चार वर्षांच्या कॉलेजविरुद्ध ११३ केले. हे मात्र मान्य झाले आणि ५८ वर्षं टिकले. ११६ पुसले गेले, ११३ राहिले. माणूस तोच होता, हात तेच होते, फरक फक्त समोरच्या संघाचा होता.

हंगामाच्या सुरुवातीच्या खेळाविषयी चाहते जे बोलतात, वाद घालतात, आकडे मांडतात, त्या सगळ्याचा गाभा हाच प्रश्न आहे. तो नीट कळण्यासाठी आधी ही कॉलेजं कोणती ते पाहू.

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की वीस हजारांची स्टेडियम्स, दूरचित्रवाणीचे करार आणि सव्वादोन मीटर उंचीचे खेळाडू डोळ्यांसमोर येतात. तो एनसीएएचा पहिला विभाग. १९७३ साली संस्थेने सभासद कॉलेजांचे तीन विभाग पाडले. तिसरा विभाग संख्येने सगळ्यात मोठा, सुमारे ४४० संस्थांचा. त्याचा मूळ नियम साधा: खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. इथला खेळाडू सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो, संध्याकाळी सरावाला येतो आणि त्याचे पालक फी भरत असतात. घरची परिस्थिती किंवा गुण पाहून मिळणारी मदत असेल, पण उडी उंच आहे म्हणून एक डॉलरही नाही. या विभागाशिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे. तिच्यातही अशीच छोटी कॉलेजं येतात, मात्र तिथे शिष्यवृत्त्या चालतात.

ही कॉलेजं खेळाच्या कडेला उभी आहेत असा समज होतो. इतिहास नेमका उलटा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधला तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण संस्थेत, आणि ते स्प्रिंगफील्ड कॉलेज आज तिसऱ्या विभागात खेळतं. दोन कॉलेजांमधला पहिला सामना ९ फेब्रुवारी १८९५ ला मिनेसोटातल्या हॅमलिनमध्ये झाला. हॅमलिन आज तिसऱ्या विभागात. पाच-पाच खेळाडूंचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८९६ साली शिकागो विद्यापीठाने आयोवाशी खेळला आणि १५–१२ असा जिंकला. शिकागो विद्यापीठही आज तिसऱ्या विभागात. ज्या अंगणात हा खेळ रांगायला लागला, ते अंगण अजून तसंच आहे.

त्या अंगणाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. नागपाड्याच्या गल्ल्यांमधल्या बास्केटबॉलचं नाव पुढे देशभर झालं. तिथल्या मैदानाच्या कट्ट्यावर बसून जुन्या संघांविषयी तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला ग्रिनेलचे प्रेक्षक अनोळखी वाटणार नाहीत.

कारण या कॉलेजांचे प्रेक्षकही मोजकेच आणि एकमेकांना ओळखणारे. खेळाडूंचे आईवडील, चार-पाच प्राध्यापक, गावातली निवृत्त मंडळी, वीस-तीस वर्षांपूर्वी याच जिममध्ये खेळलेले माजी विद्यार्थी. दूरच्यांसाठी कॉलेज स्वतःच सामन्याचं प्रक्षेपण करतं. समालोचन बहुतेकदा विद्यार्थीच करतात. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर आल्या. त्यामुळे पहिल्या विभागाच्या चाहत्याला जे तज्ज्ञांकडून तयार मिळतं, ते इथल्या चाहत्याला स्वतः शिजवावं लागतं. सामन्याचा तक्ता घ्यायचा, त्यावरून संघ कसा असेल ते ताडायचं, ज्याने प्रत्यक्ष सामना पाहिला त्याला विचारायचं आणि मग आपलं मत बनवायचं. नोव्हेंबर हा या कामाचा सुगीचा महिना.

सराव ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि सामने नोव्हेंबरच्या पूर्वार्धात. नियमित हंगामात सामने असतात जेमतेम २५. एनबीएचे ८२ असतात. म्हणजे इथे पहिले पाच सामने झाले की पाचवा हिस्सा हंगाम संपलेला असतो, आणि चाहत्याच्या हातात मात्र काहीच ठाम नसतं. गेल्या वर्षीचे अंतिम वर्षाचे खेळाडू पदवी घेऊन निघून गेलेले. पहिल्या वर्षाची मुलं शाळेत फार चांगली खेळायची, एवढंच माहीत. एखादा मोठ्या विद्यापीठातून बदली घेऊन आलेला. एखादा अजून फुटबॉलच्या संघात अडकलेला, तो नोव्हेंबर संपता संपता येणार. म्हणून हंगामापूर्वीच्या क्रमवारीत सगळे पहिल्यांदा एकच गोष्ट पाहतात: गेल्या वर्षी मैदानात खेळली गेलेली किती मिनिटं या वर्षी परत आली आहेत?

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातली शितं एकसारखी शिजलेली असतात. नोव्हेंबरातले पाच सामने एका पातेल्यातले नसतात. एक घरच्या मैदानावर बायबल कॉलेजशी, एक चार तासांच्या बस प्रवासानंतर, एक शुक्रवार-शनिवारच्या चार संघांच्या छोट्या स्पर्धेत, जिथे दुसऱ्या दिवशी पाय जड झालेले असतात.

शिवाय नशीब असतंच, आणि ते मोजता येतं. समजा एक खेळाडू मुळात ३५ टक्के थ्री-पॉइंटर मारणारा आहे आणि सामन्याला सहा वेळा टाकतो. पाच सामन्यांत ३० फेकी. त्यांतल्या सरासरी साडेदहा आत जायला हव्यात. पण निव्वळ योगायोगाने आठ किंवा तेरा जाणं अगदी नेहमीचं आहे. आठ गेल्या तर तो २७ टक्क्यांचा दिसतो आणि लोक म्हणतात, उन्हाळ्यात याने काही केलं नाही. तेरा गेल्या तर ४३ टक्के, आणि तो राज्यातला सर्वोत्तम नेमबाज ठरतो. दोन्ही वेळा मुलगा तोच, मनगट तेच. हे गणित एकदा अंगात मुरलं की नोव्हेंबरातल्या कौतुकाला आणि टीकेला, दोन्हींना आपोआप लगाम बसतो.

आता पुन्हा ग्रिनेलकडे, कारण आकडे किती फसवतात हे तिथल्याइतकं कुठेच दिसत नाही. डेव्हिड आर्सेनो १९८९ साली तिथे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा कॉलेजने पंचवीस वर्षांत एकदाही पराभवांपेक्षा जास्त विजय पाहिले नव्हते. मुलांना खेळात मजाच उरली नव्हती. त्यांनी सगळा खेळ उलटा केला. पूर्ण मैदानभर दाबून बचाव करायचा. मिनिटभरही न थांबता पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, म्हणजे दमछाक होईपर्यंत पळता येतं आणि बाकावरच्या सगळ्यांना खेळायला मिळतं. त्यांचं सूत्रही आकड्यांत बांधलेलं होतं: सामन्यात किमान ९४ फेकी, त्यांतल्या निम्म्या थ्री-पॉइंटर, आपल्या चुकलेल्या फेकींपैकी एकतृतीयांश पुन्हा हस्तगत, प्रतिस्पर्ध्याकडून ३२ वेळा चेंडू हिसकावायचा आणि त्याच्यापेक्षा २५ फेकी जास्त टाकायच्या. समोरच्याने दाब फोडून मोकळी बास्केट केली तरी चालेल. दोन गुण देऊ, पण चेंडू लगेच परत घेऊ.

त्या १३८ गुणांच्या रात्री याचा पुरावा समोरच्या संघातच होता. फेथ बॅप्टिस्टच्या डेव्हिड लार्सनने ४४ फेकींपैकी ३४ आत टाकून ७० गुण केले. एरवी ७० गुण करणाऱ्या मुलाची गावात मिरवणूक निघाली असती. इथे तो हरलेल्या संघात होता, आणि त्याची आठवण आज फक्त तक्ते वाचणाऱ्यांना आहे. मला त्या रात्रीतलं सगळ्यात बोलकं पान हेच वाटतं. जिथे दोन्ही बाजूंचे मिळून २८३ गुण होतात, तिथे 'किती गुण केले' या मोजपट्टीचीच लांबी बदललेली असते.

मग मोजायचं कशाने? जाणता चाहता सामन्यातले गुण सोडून चेंडूच्या ताब्यांकडे वळतो. आपल्याकडे चेंडू आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंत एक ताबा. तक्त्यावरून ते काढता येतात: एकूण फेकी घ्या, त्यांतून स्वतःच पुन्हा मिळवलेले आक्रमक रिबाउंड वजा करा, गमावलेले चेंडू मिळवा आणि फ्री थ्रोंच्या संख्येचा निम्म्याहून थोडा कमी भाग मिळवा. एका संघाने ८५ ताब्यांत ९५ गुण केले तर शंभर ताब्यांमागे ११२ होतात. दुसऱ्याने संथ खेळून ६० ताब्यांत फक्त ७० केले तर शंभरामागे ११७. वर्तमानपत्रातल्या चार ओळींत पहिला संघ धडाकेबाज दिसतो. चांगलं आक्रमण दुसऱ्याचं असतं.

ही पद्धत लोकांपर्यंत नेणारं मोठं नाव म्हणजे डीन ऑलिव्हर. २००४ साली आलेल्या 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात त्याने सामना चार गोष्टींवर फिरतो असं मांडलं: फेकींची अचूकता, गमावलेले चेंडू, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांना त्याने ढोबळमानाने ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिलं. हा ऑलिव्हर शिकला कुठे, तर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये, आणि तिथल्या बास्केटबॉल संघातही तो होता. कॅलटेक हे नोबेल विजेत्यांचं गाव. खेळात मात्र पराभवाचं. त्यांच्या साखळीतली, म्हणजे नेहमी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातली, एक हार १९८५ साली सुरू झाली ती सलग ३१० सामने चालली आणि २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटलवर ४६–४५ असा विजय मिळाला तेव्हाच थांबली. ऑलिव्हरची कॉलेजची वर्षं त्याच काळातली. पराभवाच्या त्या बाकावरून उठलेल्या माणसाने जिंकणं कशाचं बनलेलं असतं ते जगाला सांगितलं, ही गोष्ट मला दर नोव्हेंबरात आठवते.

चार गोष्टींपैकी नोव्हेंबरात कशावर विश्वास ठेवायचा? अचूकता सगळ्यात महत्त्वाची, पण पाच सामन्यांत तीच सगळ्यात जास्त हेलकावते. चेंडू किती गमावतो, कुठून फेक टाकतो, चुकलेल्या फेकीमागे किती जण धावतात, या सवयी आहेत. सवयी लवकर दिसतात. म्हणून मुरलेला प्रेक्षक २० गुणांच्या विजयानंतरही चिंतेत असतो, कारण पॉइंट गार्डने दाबाखाली तीनदा चेंडू एकाच हाताने टाकला. आणि सहा गुणांनी हरलेल्या सामन्यातून तो समाधानाने बाहेर पडतो, कारण पहिल्या वर्षाचा सेंटर आपली जागा सोडून मदतीला योग्य वेळी सरकला. त्याला पराभव गोड वाटतो असं नाही. त्याने फलकाऐवजी पाय पाहिलेले असतात.

एका सापळ्यात मात्र हे मुरलेलेही अडकतात. तो निकालांच्या साखळीचा हिशेब. 'अ' ने 'ब' ला हरवलं, 'ब' ने 'क' ला, म्हणून 'अ' हा 'क' पेक्षा भारी. ६ नोव्हेंबर २०१५ ला मिसिसिपीकाठच्या रॉक आयलंडमधलं ऑगस्टाना कॉलेज, तिसऱ्या विभागातलं, जवळच्याच आयोवा विद्यापीठात सरावाचा सामना खेळायला गेलं आणि ७६–७४ असं जिंकलं. शिष्यवृत्ती नसलेल्यांनी शिष्यवृत्तीवाल्यांना त्यांच्याच घरात हरवलं. पुढे २९ डिसेंबरला त्याच आयोवाने त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मिशिगन स्टेटला ८३–७० असं नमवलं आणि जानेवारीत आयोवा देशात तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. साखळी लावली तर ऑगस्टाना देशातला सर्वश्रेष्ठ संघ ठरतो. प्रत्यक्षात मार्चमध्ये तिसऱ्या विभागाच्या शेवटच्या चार संघांतही तो नव्हता. विजेतेपद सेंट थॉमसने घेतलं, बेनेडिक्टिनला ८२–७६ असं हरवून. आणि बेनेडिक्टिनची गोष्ट पाहा: नोव्हेंबरपासून अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी एकही सामना गमावला नव्हता. पहिला पराभव शेवटच्या रात्री आला.

मग ऑगस्टानाचा तो विजय फुकाचा होता का? मुळीच नाही. तो एका रात्रीचं पूर्ण सत्य होता. त्या रात्री मैदानात असलेल्यांना तो कायमचा मिळाला. साखळीत ओवायला गेलं की तुटतो, एवढंच.

अशा विजयांमधला सगळ्यात मोठा १९८२ सालचा. २३ डिसेंबरला होनोलुलूत शामिनाड विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७७–७२ असं हरवलं. शामिनाड तेव्हा एनएआयएचं सभासद, विद्यार्थी हजाराच्या आत. व्हर्जिनिया देशात पहिल्या क्रमांकावर, अपराजित, आणि त्यांच्याकडे २.२४ मीटर उंचीचा राल्फ सॅम्पसन. 'कोणाविरुद्ध' या प्रश्नाला इतकं मोठं उत्तर छोट्या कॉलेजाने कधीच दिलं नव्हतं. पण थोडं खोलात गेलं की रंग भरतात. व्हर्जिनियाचा संघ जपानमध्ये खेळून घरी परतत होता. सॅम्पसनची तब्येत बरी नव्हती. त्याच्यासमोर उभा राहिलेला शामिनाडचा टोनी रँडॉल्फ व्हर्जिनियातलाच, शालेय दिवसांत सॅम्पसनविरुद्ध खेळलेला. त्याच्याहून वीतभराने बुटका असूनही त्याने सॅम्पसनला बास्केटपासून दूर खेचलं. या कारणांनी विजय लहान होत नाही, तो समजतो. त्या एका रात्रीमुळे १९८४ पासून माउई बेटावर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातली स्पर्धा सुरू झाली, आणि नामांकित संघ तिथे जाण्यासाठी रांग लावू लागले. यजमान शामिनाडच.

सुरुवातीच्या सामन्यांचं महत्त्व अशा रात्रींपुरतं नसतं. त्यामागे एक शांत गणित आहे आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येतं. तिसऱ्या विभागातले संघ चाळीसहून जास्त साखळ्यांमध्ये विभागलेले आहेत. जानेवारीपासून बहुतेक सामने आपापल्या साखळीत होतात. साखळीतल्या सामन्यात एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच, म्हणून साखळीची एकूण बेरीज नेहमी निम्मे विजय, निम्मे पराभव. साखळी दणकट असो वा दुबळी, जानेवारी-फेब्रुवारीत ती वर किंवा खाली जाऊच शकत नाही. विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांची साखळी दणकट आहे की न्यू इंग्लंडमधली, याचा पुरावा फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात, दोन साखळ्यांमधले संघ भेटतात तेव्हाच गोळा होतो. नंतर तो गोठतो.

आणि मार्चमध्ये त्यावरच दार उघडतं किंवा बंद होतं. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ. साखळीविजेत्यांना थेट प्रवेश. उरतात जेमतेम वीसेक जागा. साखळीच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरलेला, २२ विजय मिळवलेला संघ त्या वीसांत बसतो की नाही, हे ठरताना त्याचे प्रतिस्पर्धी किती ताकदीचे होते ते पाहतात. तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी अर्ध्या रिकाम्या जिममध्ये झालेला, तीन महिन्यांहून जुना सामना टेबलावर येतो. चाहते नोव्हेंबरात इतक्या तळमळीने का बोलतात, याचं हे व्यवहारी उत्तर.

तळमळीला उत्सवाचीही बाजू आहे. अर्कान्सॉमधल्या जॉन ब्राउन विद्यापीठात हंगामातल्या पहिल्या घरच्या सामन्यात यजमानांची पहिली बास्केट पडली की प्रेक्षागृहातून शेकडो टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या मैदानावर उलगडत येतात. पंच यजमानांना टेक्निकल फाउल देतात, प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळतात. संघ तो दंड आनंदाने भरतो. इंडियाना राज्यातल्या टेलर विद्यापीठात डिसेंबरात परीक्षेच्या तोंडावर एक सामना असा होतो की रात्रीचे कपडे आणि सोंगं घातलेले विद्यार्थी खचाखच बसतात आणि आपल्या संघाचे दहा गुण होईपर्यंत हूं की चूं करत नाहीत. बुटांचा करकर आवाज, चेंडूची आपट, प्रशिक्षकाची हाक, एवढंच. दहावा गुण पडतो आणि छत उडतं. हे दोन्ही एनएआयएचे संघ. या रात्रींना निकालाचं वजन कुणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

मग परीक्षा येतात, दहा-बारा दिवस सामने थांबतात. नाताळात वसतिगृहं रिकामी होतात आणि बास्केटबॉलची पंधरा-वीस मुलं लवकर परतून ओसाड आवारात सराव करतात. चाहत्यांसाठी हा हिशेबाचा काळ. नोव्हेंबरात मांडलेली मतं पुन्हा काढली जातात. ज्याला आपण हरवलं तो संघ त्यानंतर किती जिंकला? ज्याने आपल्याला लोळवलं तो खरंच तेवढा चांगला निघाला का? 'कोणाविरुद्ध' या प्रश्नाचं उत्तर सामन्याच्या रात्री पूर्ण मिळतच नाही. प्रतिस्पर्धी पुढे जे करतो त्याने ते हळूहळू भरत जातं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या जोडसंघाचं. १९७९ साली तिथे ग्रेग पोपोविच नावाचा तरुण प्रशिक्षक आला. पहिल्या हंगामात दोन विजय, बावीस पराभव. त्यांतला एक पराभव कॅलटेककडून, ज्यांनी त्यापूर्वी आपल्या साखळीत सलग ९९ सामने गमावले होते. त्या हिवाळ्यात या माणसाविषयी कुणी काय बोललं असेल, याची कल्पना करता येते. १९८६ मध्ये त्याच संघाने ६८ वर्षांनी साखळी जिंकली. पुढचं वर्ष पोपोविचने रजा घेऊन काढलं आणि त्यातला बराच काळ कॅन्सस विद्यापीठात तिथला प्रशिक्षक लॅरी ब्राउन याच्या हाताखाली शिकण्यात घालवला. परतल्यावर दोघांनी एक सामना ठरवला.

डिसेंबर १९८७. पोमोना-पिट्झरची मुलं कॅन्ससच्या ॲलन फील्डहाउसमध्ये उतरली. हे मैदान म्हणजे या खेळाचं पंढरपूर. नेस्मिथने आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं याच गावात काढली. निकाल ९४–३८, छप्पन्न गुणांचा पराभव. तक्त्यावर याहून केविलवाणी ओळ क्वचितच सापडेल. त्या कॅन्ससने मग हंगामात एकूण अकरा सामने गमावले, फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या नावाला कुणी फारशी किंमत देत नव्हतं. ४ एप्रिल १९८८ ला त्यांनी ओक्लाहोमाला ८३–७९ असं हरवलं आणि ते राष्ट्रीय विजेते झाले. त्या रात्री पोमोना-पिट्झरच्या तक्त्यातल्या डिसेंबरच्या त्या ओळीसमोर 'कोणाविरुद्ध' याचं उत्तर पूर्ण लिहून झालं.